सरांचा धडा

बडनेऱ्याला माझ्या भाजीच्या दुकानावरच्या खोलीत एक सर इंग्रजीचा क्लास घेतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. जिना चढण्याआधी ते त्या दिवशीचा धडा मला सांगतात. मी चौथी शिकलेली, पण ते म्हणतात, "बाई, तुमाले समजलं म्हंजे पोरायले समजलंच."

भाजीवर मी थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट देते. एकदा त्यांनी वांगं आणि भेंडी शेजारी ठेवली.

"ह्या दोन क्रिया. लुक म्हंजे पाहणं, लिसन म्हंजे ऐकणं. दोघायले एकाच काडीत भागवता येत नाही. पाहण्याच्या जोडीले ॲट हा शब्द पाहिजे, ऐकण्याच्या जोडीले टू." मग दोन्हींवर त्यांनी सांभाराची वेगवेगळी काडी ठेवली. मी मान डोलावली. खरं तर मला काहीच कळलं नव्हतं.

परवा ते खोलीची किल्ली हातात घेऊन आले. "चारच पोरं रायली, बाई. म्हणतात, सरचं समजत नाही. किल्ली मालकाले देऊन टाकतो. पण खरं सांगा, तुमाले समजते का नाही?"

मी खाली बघत म्हटलं, "समजते, सर."

ते किल्ली खिशात टाकून वर गेले.

मी खोटं बोलून त्यांचं भलं केलं की नुकसान, ते मला ठरवता येत नाही. आता वरून पोरांचा आवाज आला की तो कालच्यापेक्षा कमी झाला का, तेच मी ऐकत राहते, आणि समोरचं गिऱ्हाईक काय मागतंय ते कळत नाही.