पाइपावरचं लाटणं

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. आमचा फोन आला की काकू स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पाइपावर लाटणं आपटायच्या. तो पाइप खाली आमच्या ओट्यामागून जायचा. टणटण झाली की आई गॅस बंद करून जिन्यात.

दादा तेव्हा नोकरीला आखातात होता. दर शुक्रवारी फोन करायचा. मग एकाएकी फोन बंद झाले. पत्रही नाही.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. घंटा वाजवून कुत्र्याला खाणं देत राहिलं, की पुढे नुसत्या घंटेनंही त्याची लाळ गळते. खाणं बंद केलं की ती सवय हळूहळू मोडते. घरात अक्कल पाजळायला एवढं ज्ञान पुरेसं होतं.

अडचण अशी, की नळाला पाणी आलं नाही, की तेव्हाही काकू त्याच लाटण्यानं तोच पाइप बडवायच्या. आत हवा अडकलीय म्हणून! आई तरी धावायचीच.

"आई, असंच चाललं तर तू आपोआप उठायची थांबशील. शास्त्र आहे."

"मला कुत्री म्हणतोस होय रे?"

"तसं नाही गं..."

"मग आधी तू न उठून दाखव."

शुक्रवारी पुस्तक घेऊन ओट्याशेजारीच बसलो. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो, कान पाइपाला. टणटण झाली. पुढचं आठवतं ते थेट काकूंचं दार, आणि माझ्या एका पायात आईची चप्पल.

"अरे, फोन नाही, पाणी गेलंय!"

उतरताना जिन्याच्या वळणावर आई भेटली. "काय शास्त्रज्ञ?" म्हणाली, पण माझं तोंड बघून तिचं हसू तिथंच विरलं. तेवढ्यात पुन्हा टणटण. दोघंही वर.

"सरक, आधी मी बोलणार!" आईनं रिसीव्हर ओढून घेतला.

दादाच होता. कंपनीनं त्याला दूरच्या दुसऱ्या कॅम्पवर टाकलं होतं, तिथं फोनच नव्हता; आज शहरात आल्यावर लावला. "पत्र लिहायला हात मोडले होते?" आई ओरडली, आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

"अभ्यास कसा चाललाय?" दादानं विचारलं.

"झकास," मी म्हणालो.

घरी येऊन आईनं गॅस लावला. आता निवांत वाचू म्हणून मी पुस्तक उघडलं, तोच पाइप वाजला. काकूंकडे अजून पाणी आलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी आईचा हात गॅसच्या बटणावर होता, आणि मी उभा.