आधी वायर काढा

"मॅडम, नवीन आलं का वं?"

रस्त्यावरून ही हाक आली की मी खोलीतच गप्प बसायचे. मग खाली पिंक टाकल्याचा आवाज यायचा आणि पुन्हा तीच हाक.

सौंसरला आमच्या घराखालच्या गाळ्यात हाक मारणाऱ्या काकांचं दुरुस्तीचं दुकान होतं. इन्व्हर्टर, फवारणीचे पंप, मिक्सर, काहीही. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलताना तपकिरी तुषार, आणि तोंडात गेलेल्या त्याच बोटांनी तुमच्या वस्तूला हात. टेबलावरचा प्रत्येक स्क्रू चिकट. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून 'मॅडम'. मी त्यांना काका म्हणायचे, तेही हातभर अंतर ठेवून.

त्यांनी ऑनलाइन एक ऑसिलोस्कोप मागवला होता. स्वस्तातला, मोबाईलएवढा. वायर टेकवली की वीज पडद्यावर लाटेसारखी दिसायची. तेव्हापासून जुना मीटर खणात गेला.

"मीटर आकडा सांगते. हे तं विजेचं तोंड दाखवते, पाह्य!"

स्कोपमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कंपनी अधूनमधून बदलायची. नवीन फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवून स्कोपमध्ये टाकायची आणि सोबतची इंग्रजी माहिती वाचून सांगायची, हे माझं काम. बहुतेक वेळा बदल म्हणजे लाटेचा रंग नाहीतर सुरुवातीचं चित्र. काका मात्र घरात सण असल्यासारखे खूश.

"सप्पं नको वाचू. नवीन काय हाय, तेवढं सांग."

त्या दिवशी ते माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकले. एक थेंब कीबोर्डवर पडला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, म्हणजे पसरवला. मी श्वास रोखून धरला. शेवटची ओळ मला दिसली होती: झिरो, म्हणजे मोजणीचं शून्य, सेट करण्याआधी वायर काढा, नाहीतर पुढचे आकडे चुकतील. ती वाचायला आणखी एक श्वास घ्यावा लागला असता.

"झालं, काका," मी म्हटलं.

त्यांनी वायरचं टोक दातांत धरलं, दोन्ही हातांनी बटणं दाबली आणि झिरो सेट केला. मी पाहत होते. मग वर जाऊन लॅपटॉप तीनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याची एक बाई अंडी उबवायची मशीन घेऊन आली. गावठी कोंबड्यांवर तिचं घर चालायचं. स्कोपवर व्होल्ट कमी दिसले, म्हणून काकांनी मशीनमधला स्क्रू फिरवून ते वाढवले; आतली ऊबही वाढली.

आठवड्याने ती बादली घेऊन परत आली. वास जिन्यावरच कळला.

"भाऊ, आतल्या आत शिजले ना सारे!"

"अंडेच खराब असन, बाई."

"माया घरच्या कोंबड्याईचे होते. खराब कायचे?"

तिने एक अंडं त्यांच्या टेबलावर फोडलं. करडं, घट्ट, आणि त्यात एक काळा ठिपका. डोळा असावा. मी ओढणी तोंडात कोंबली.

काका बाहेर गेले, खर्रा थुंकून चूळ भरून आले.

"मॅडम, आता सप्पं वाच."

मी वाचलं. शेवटच्या ओळीला माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. ऐकून झाल्यावर त्यांनी वायरकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

मशीन त्यांनी ठेवून घेतली. खणातला मीटर निघाला. ताप पाहायचा थर्मामीटर आत ठेवून ते तीन दिवस मशीनसमोर बसून राहिले. बाई न्यायला आली तेव्हा मोहगावहून आणलेली ताजी गावठी अंडीही टेबलावर तयार होती.

"मंग चुकलं कोठी, भाऊ?" तिने विचारलं.

"मायंच चुकलं. ह्या पोरीनं बरोबर सांगतलं होतं मले, आधी वायर काढा म्हणून. मीच आयकलं नाई."

"शिकली पोरगी कामी येते," म्हणत बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी मान डोलावली. काका दुसरीकडे बघत काडीने दात कोरत होते. त्यांना खरंच तसं आठवत होतं की ते मला झाकत होते, मला कळलं नाही. विचारायचं तर खरं बोलावं लागलं असतं. तेव्हा जी किळस आली, तिला खर्र्याचा वास नव्हता.

पिल्लं निघाल्याचं बाईने फोनवर कळवलं.

पुढे काका गाळा सोडून पांढुर्ण्याला मुलाकडे गेले. मी तेव्हा नागपूरला नोकरीत होते.

"जाताना तुलेच विचारून राहिले होते," आई फोनवर म्हणाली.

काय विचारत होते, ते मी तिला विचारलं नाही.