डोंगर न विकणारा, आणि आमचे गुरुजी

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत अशी एकही पाटी नसेल, जिच्यावर आमच्या शेजारच्या गुरुजींनी खडू चालवलेला नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सदऱ्याच्या खिशात खडू असतोच. रस्त्यात एका खानावळीवर ‘गरम जेवन’ लिहिलेलं दिसलं म्हणून त्यांनी भरलेली जीप थांबवली, उतरले, ‘न’चा ‘ण’ केला, आणि एवढं केल्यावर उपाशी कसं जायचं म्हणून सगळ्या जीपला तिथेच जेवायला बसवलं. मालक वाढताना म्हणाला, “गुरुजी, पाटी सुधारलीत, आता भाजीला हात लावू नका.” कोणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न, “कशावरून?” डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हटलं तरी, “कशावरून?” मी तहसील कचेरीतला कारकून, कागदाशिवाय श्वास न घेणारा, पण गुरुजींसमोर मला स्वतःची जन्मतारीख सांगतानाही दडपण येतं.

गुरुजींच्या वडिलांच्या काळापासून त्यांचं घर ख्रिस्ती. माझ्या घरचे मोदक ते मोजून खातात, नाताळच्या करंज्या मी न मोजता खातो, आणि धर्मावर आमचा वाद झालेला नाही. वाद व्हायचा तो त्यांच्या प्रार्थनाघरात. तिथला पाळक तरुण, गोड गळ्याचा, जीव ओतून बोलणारा. एका रविवारी तो म्हणाला, प्रभूने पाच हजार लोकांना जेवू घातलं. गुरुजी मधल्या बाकावरून उठले. “पाच हजार पुरुष. बायका-मुलं वेगळी. शास्त्रात तसंच आहे.” बायकांच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली म्हणतात. तेव्हापासून पाळक प्रवचनाची तयारी दोनदा करतो.

गेल्या वर्षी मात्र गोष्ट हसण्याची राहिली नाही. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी पंचायत समितीवर निवडून आला होता. तोही त्याच प्रार्थनाघरातला. त्याच्या पाड्यामागचा डोंगर बाहेरच्या लोकांना हॉटेलासाठी हवा होता. हा घरोघर फिरला, कोणाला सही करू दिली नाही. एका दुपारी पाड्याच्या वाटेवर त्याला गाठून ठार मारलं. पोलिसांनी दोघांना धरलं. दोघंही जमिनीच्या दलालाची माणसं, त्यातला एक तर त्याच्याच पाड्यातला. पुढच्या रविवारी पाळकाने सांगितलं, की आपल्या या भावाच्या थडग्यावर ‘ख्रिस्ती रक्तसाक्षी’ असं कोरायचं. सगळे रडत होते. गुरुजी उठले.

“कशावरून?”

तो शब्द त्या दिवशी कोणालाच सोसला नाही. पण गुरुजी थांबले नाहीत. “रक्तसाक्षी म्हणजे ज्याला विचारलं, की प्रभूला नाकार, नाहीतर मर, आणि ज्याने नाकारलं नाही. याला कोणी विचारलं? याला विचारलं ते डोंगराबद्दल. त्या डोंगरावर राहणारी निम्मी घरं हिंदू आहेत, तीही रडली. हे अक्षर कोरलं तर उद्या ती म्हणतील, तो तुमचा होता, आमचा नव्हता. आणि पोरं एकमेकांच्या अंगावर जातील.”

पाळक शांतपणे म्हणाला, “गुरुजी, गरिबाच्या जमिनीसाठी जो मेला, तो प्रभूसाठीच मेला, असं मी मानतो.”

गुरुजी खाली बसले. त्यानंतर प्रार्थनाघरात त्यांच्या बाकावर कोणी बसेना. आमच्या ओट्यावर येऊन ते वर्तमानपत्र हातात धरायचे, पण चुका काढायचे नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

चौथ्या दिवशी त्या विद्यार्थ्याची बायको आली. ओट्याच्या कडेला बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“गुरजी, तुमचा शब्द बरोबर असंल. मी शिकल्याली नाय. पण पोरगी शाळंतून रडत आली. कोण बोलला तिला, तुझा बाप जमिनीच्या भांडणात मेला. पाळक बोलतो तो शब्द मोठा हाय. तो पण तुम्ही काढून घेतला, तर मी पोरीला काय सांगू?”

ती गेल्यावर बराच वेळ गुरुजी चपला घालत होते. एकच चप्पल दोनदा घातली.

दुसऱ्या दिवसापासून ते पाड्यात जाऊ लागले. सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, चढ उभा. रोज दोन-तीन घरी बसायचे आणि एवढंच विचारायचे, “तो आला तेव्हा काय बोलला?” एक म्हातारी म्हणाली, तो बोलला, आजी, अंगठा उठवू नको, मी हाय. एकाने सांगितलं, त्याला पैशांचं पाकीट देत होते, त्याने घेतलं नाही. गुरुजी सगळं वहीत लिहून घेत. मग ती वही घेऊन पाळकाकडे गेले. दोघं दुपारभर बसले. पाळकाने सगळं वाचलं, डोळे पुसले, आणि गुरुजींनी सुचवलेल्या ओळीला मान्यता दिली. दगडावर नाव आहे, आणि खाली, ‘याने आपला डोंगर विकू दिला नाही.’

दगड बसवला त्या दिवशी पाड्यातली सगळी घरं आली होती. त्याची आई बाप्तिस्मा न घेतलेली; तिने दगडापाशी तांदूळ ठेवले, कोणी अडवलं नाही. मुलीने ती ओळ मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. पाळकाने प्रार्थना केली आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेला, “प्रभू, तुझ्या या रक्तसाक्ष्याला जवळ घे.” सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा म्हणाले, “आमेन.”

उतारावर मी त्यांना त्या ‘आमेन’वरून छेडलं. ते म्हणाले, “ते देवाला सांगितलेलं होतं. तो तपासून घेईल. दगड माणसं वाचतात.”

थोडं पुढे गेल्यावर माझा हात धरून थांबले. “चार वर्षं माझ्या वर्गात होता. अक्षर वाईट. निबंधावर मी दरवेळी लाल शाईने लिहायचो, सुधारणा आवश्यक. चांगलं असं एकदाही लिहिलं नाही.”

खाली भाताची खाचरं पिवळी पडू लागली होती. आम्ही हळूहळू उतरत राहिलो.