डोळ्यात पडलेलं फूल

आमच्या मुलीला गोवर आला त्याच उन्हाळ्यात आमच्या चाळीत एक प्रचारक राहायला आला. त्याआधी मी देवाला कधी भ्याले नव्हते.

आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहत होतो. माझे यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. चाळीत ख्रिस्ती घरं मोजकीच, बाकी शेजार तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा. माझी आई दुष्काळात पोरकी होऊन मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. देव मला कळला तो तिच्यामुळे. जात्यावर बसली की ती देवाशी बोलायची, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. आज पीठ पुरायचं नाही बघ, पोरीचा खोकला थांबत नाही बघ. त्यात मागणं असे, कधी रुसवाही असे, पण भीती मी कधी ऐकली नाही. लग्नानंतर मीही चुलीपुढे बसून तसंच बोलत असे.

यजमानांचं तसं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी घरदार, भाऊबंद सोडून बाप्तिस्मा घेतला होता. आमचा पहिला मुलगा पाळण्यातच गेला, तेव्हा गावाकडून आलेल्या चुलत्यांनी दारातच म्हटलं होतं, "कुळाचा देव सोडला, त्येनं पोर न्हेलं." यजमान तेव्हा गप्प राहिले. ते बोलणं त्यांनी मनावर घेतलं नाही असं मी समजत होते.

प्रचारक आला तो कुर्डुवाडीकडून रेल्वेनं. उंच, हाडकुळा माणूस, अंगात स्वच्छ धुतलेला लांब कोट. तो कुठल्या मिशनचा नव्हता. मला पवित्र आत्म्यानं धाडलंय, एवढंच सांगे. गिरणी सुटली की चाळीच्या टोकाच्या खोलीत सभा भरे. तो कधी ओरडत नसे. बोलता बोलता थांबे, एखाद्याकडे बघत राही आणि हळूच म्हणे, "तुमच्या घरात काहीतरी झाकून ठेवलेलं आहे. देवाला ते दिसतंय." झाकलेलं काही नाही असं घर कुठे असतं? माणसं ढसाढसा रडत, कबुल्या देत. एक बाई घेरी येऊन पडली. लोक म्हणत, इतकं सामर्थ्य आजवर पाहिलं नाही.

एकदा त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. तो काही बोलला नाही, फक्त बघत राहिला. त्यानंतर चुलीपुढे बसलं की माझ्या तोंडून शब्द फुटेना. आईच्या देवाचा चेहरा आठवायला जावं तर समोर प्रचारकाचे डोळे येत. पोरीनं ठेच खाल्ली, दूध नासलं, भाकरी करपली, की मनात येई, हे कशाची शिक्षा म्हणून झालं? मी दिवसभर स्वतःलाच चाचपत राही. कंदिलाची काच काजळली की घर तेच असतं, पण त्यातलं काही धड दिसत नाही. माझं तसं झालं होतं.

आमच्या भिंतीला लागून एक विणकरीण राहत असे. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणत असे. ती मुलीसाठी कधी चकली, कधी गुळाचा खडा आणून द्यायची. प्रचारकानं यजमानांना सांगितलं, मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या घरचं अन्न आत घेऊ नका. अक्का वाटी घेऊन आली तेव्हा यजमान दारात आडवे उभे राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि वाटी घेऊन परत गेली.

मग मुलीला गोवर आला. पाचेक वर्षांची असेल. ताप उतरला, पुरळ मावळलं, पण डोळे लाल झाले आणि पापण्या चिकटू लागल्या. उजेड सहन होईना म्हणून ती माझ्या पदरात तोंड खुपसून पडून राही. मी म्हटलं, "अहो, मिशनच्या दवाखान्यात घेऊन जाऊ या का?"

यजमान म्हणाले, "प्रचारकभाऊंना विचारलंय मी. ते म्हणाले, औषध घातलं तर देवावर भरवसा नाही असं होईल. घरातलं पाप बाहेर काढा, डोळे आपोआप उघडतील."

"कसलं पाप?"

"तेच तर शोधायचंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक पोर गेलंय आपलं. आता ही जायला नको."

तेव्हा मला कळलं की चुलत्यांचं ते बोलणं एवढी वर्षं त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. देव बदलला होता, पण भीती तीच राहिली होती.

यजमानांनी उपास धरला. गिरणीतून आले की भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसत. मीही बसे. पण मुलीचं कण्हणं कानावर येई आणि माझी प्रार्थना अर्ध्यावर तुटे. मग ती तुटली याचीही भीती वाटे.

एका सकाळी तोंड धुताना मुलीच्या डाव्या बुबुळावर मला पांढरा ठिपका दिसला. मी तिला उचललं आणि नळाशी भांडी घासत बसलेल्या अक्काला दाखवलं. तिनं हात पदराला पुसून मुलीची हनुवटी वर केली आणि तिच्या तोंडून तेलुगूत काहीतरी निघालं. मग म्हणाली, "फूल पडलंय ग. लई वाईट हाय हे. दवाखान्याला ने की!"

"हे नको म्हणतात."

"कोन नको म्हन्तंय? तुजा देव नको म्हन्तोय?"

मी मुलीला घेऊन खोलीत परत आले.

त्याच दिवशी, रविवार होता, उपासनेनंतर प्रचारक चार-पाच माणसं घेऊन आमच्या खोलीत आला. सगळे गोल बसले. पत्रा तापून खोलीत गुदमरत होतं. त्यानं मुलीला मधोमध बसवायला सांगितलं. ती दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली.

"बाळ," तो अगदी मायेनं म्हणाला, "तू देवापासून काय लपवलंस ते सांग. सांगितलंस की दिसायला लागेल."

मुलीला काही उमगेना. ती माझ्या आवाजाचा कानोसा घेत होती.

"सांग, बाळ. सगळे थांबलेत."

मग ती हळूच म्हणाली, "मी गूळ खाल्ला. अक्काचा. बाबा नको म्हणाले तरी खाल्ला."

"आमेन," कोणीतरी म्हणालं. आणखी दोघं-तिघं म्हणाले. यजमानांनी ओंजळीत तोंड लपवलं. मुलीनं डोळ्यांवरचे हात काढले आणि मान वर करून विचारलं, "आता दिसेल?"

मी तिच्याकडे बघत होते. गुळाचा खडा खाल्ला म्हणून लेकराचा डोळा काढून घेणारा कोणी असेल, तर तो माझ्या आईचा देव नव्हता. हे मी विचार करून ठरवलं नाही. ते मला दिसलं, हातातली वस्तू दिसावी तसं. पण भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही. मी उठले आणि मुलीला कडेवर घेतलं.

"कुठे निघालीस?" यजमानांनी विचारलं.

"दवाखान्यात."

ते दारात आले. "तुझ्या हट्टापायी तिला काही झालं तर?"

मी म्हटलं, "मला लई भ्या वाटतंय. बाजूला व्हा." माहेरची बोली अशीच तोंडात आली. ते बाजूला झाले की मी अंग चोरून निघाले, आज आठवत नाही.

अक्का आमची चाहूल घेतच बसली असावी. तिनं पायात वहाणा सरकवल्या आणि काही न विचारता सोबत चालू लागली. उन्हानं रस्ता भाजत होता. मुलीच्या डोक्यावर ओला पदर टाकून आम्ही सात रस्त्याचा चौक ओलांडला. एक टांगा अगदी अंगावर आला, घोडा फुरफुरला, आणि मला वाटलं, झालं, देवानं हात उगारला. मुलगी खांद्यावर निपचित झाली तेव्हा मी रस्त्यातच थांबले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. अक्का म्हणाली, "चल ग, झोपलीय ती." वाटेनं मी देवाशी बोलायचा प्रयत्न करत होते. एवढंच निघत होतं: मला धर, मला धर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला टेबलावर निजवलं, पापण्या उचलून बघितल्या आणि नर्सला भराभर काही आणायला सांगितलं. बोरिकच्या पाण्यानं डोळे धुतले, थेंब घातले, पट्ट्या बांधल्या. मग मला बाहेर घेऊन गेल्या. "उजवा वाचेल असं वाटतं. डाव्याची आशा धरू नका."

"आधी आणलं असतं तर?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ता आणलंत म्हणून उजव्यासाठी काही करता येतंय," त्या म्हणाल्या.

मुलीला तिथेच ठेवून घेतलं. रोज माशाचं तेल पाजत, ते ती थुंकून टाकी. डाव्या डोळ्याचं जे व्हायचं ते झालं. आम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान आले. डाव्या डोळ्याचं ऐकून खाली बसले आणि म्हणाले, "बघितलंस? देवानं दाखवून दिलं."

खरी भीती मला तेव्हा वाटली. खोलीतून बाहेर पडताना जे लख्ख दिसलं होतं ते पार पुसलं गेलं. मी ऐकायला हवं होतं का? माझ्यामुळे गेला का तिचा डोळा?

आमच्या चर्चचे पाळकसाहेब रोज दवाखान्यात येत. म्हातारे गृहस्थ, सभेत फारसं बोलता न येणारे, म्हणून लोक त्यांना सोडून प्रचारकाकडे गेले होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेब, ही शिक्षा आहे का?"

ते बराच वेळ मुलीला पेज भरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्यांनी प्रभूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं म्हणून. प्रभूनं कोणाचंही नाव घेतलं नाही. त्या माणसाजवळ गेला. मला यापलीकडे काही कळत नाही." पेजेची वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "भीती वाटली तरी प्रार्थना करा. फक्त भीतीचीच प्रार्थना करू नका."

ते गेल्यावर मी चुलीपुढे बोलत असे तशी बोलले. पोरीला तेल आवडत नाही बघ, म्हटलं. एवढंच. पण ते बोलताना समोर प्रचारकाचे डोळे नव्हते.

सोलापूर सोडण्याआधी प्रचारक दवाखान्यात आला. दारात त्याचा आवाज ऐकून मुलगी मला बिलगली. तो आत आला नाही. "दिसतं का तिला?" त्यानं विचारलं.

"एका डोळ्यानं दिसेल म्हणतात."

कोटाची बाही डोळ्यांना लावून तो म्हणाला, "माझी दोन लेकरं प्लेगात गेली. माझ्या पापानं गेली. लोकांवर ती पाळी येऊ नये, म्हणून फिरतो मी." मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. मला वाटणारी त्याची भीती मात्र तिथेच गेली. हा माणूस माझ्या यजमानांपेक्षाही जास्त भेदरलेला होता. मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

पट्टी निघाली तेव्हा मुलीनं उजव्या डोळ्यानं पहिल्यांदा अक्काला ओळखलं. यजमान हळूहळू घरात बोलू लागले, पण प्रार्थनेला बसले की गप्पच असत. मी त्यांना कधी डिवचलं नाही. माझी भीतीही एकदम गेली नाही. घरात कोणी आजारी पडलं की आधी ती येऊन बसे, मग मी तिला ओळखत असे.

मुलगी शाळेत जाऊ लागली. एक दिवस रडत आली. पोरींनी चिडवलं होतं. जेवताना तिनं विचारलं, "आई, देवानं माझा डोळा का घेतला?"

"देवानं नाही घेतला. आजारानं घेतला."

"मग तेव्हा बाबा म्हणत होते, देवानं दाखवून दिलं म्हणून?"

यजमान खाली मान घालून जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"मी भ्यालो होतो, बाळ," ते म्हणाले. "भ्यालो होतो म्हणून मला देव दिसत नव्हता. माझी भीतीच दिसत होती, आणि तिलाच मी देव म्हणत होतो."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.