वरून गोऱ्हा शोधताना
आमच्या बाबांच्या मते विमान म्हणजे एक उंच मचाण. मी चंद्रपूरजवळ विमान चालवायला शिकू लागले आणि तिसऱ्याच महिन्यात, ऐन कापणीत, बाबांचा गोऱ्हा हरवला. जंगलात वाघाचा वावर, पायी शोधायला कोण जाणार? सकाळीच फोन आला.

"जयभीम बेटा. आज आपल्या बोडीवरून जाशीन ना? गोऱ्हा दिसते का पाह्यजो. पांढरा आहे, एक शिंग वाकडं."

बोडी म्हणजे आमच्या शेतातलं तळं. पण विमानातून वाकडं शिंग! मी म्हटलं, "बाबा, मी पायलट होऊन राह्यली, गुराखी नाई."

"मंग? डोळे तं तेच आहेत ना?"



त्या दिवशी शेजारी उड्डाण शिकवणारे सर होते. इंजिन बंद पडलंय असं समजून शेताच्या रोखाने अगदी खाली यायचं आणि पुन्हा वर चढायचं, असा सराव होता. तो जमला तर दोन दिवसांनी मला पहिल्यांदा एकटीला उडायला मिळणार होतं. जमलाही. सर म्हणाले, "छान. आता सरळ वर चढ." नेमकं तेव्हाच डावीकडे आमच्या बोडीच्या मातीच्या पाळीवर काहीतरी पांढरं दिसलं.

माझी अक्कल शेण खायला गेली. मी डावीकडे वळले. नीट दिसेना म्हणून आणखी वळले. जमीन जवळ वाटली म्हणून विमानाचं नाक वर ओढलं. वेगाच्या काट्याकडे बघायला डोळे रिकामे होते कुठे? ते शिंग शोधत होते. वेग फार पडला की वाजतो तो भोंगा किंचाळला. सर ओरडले, "सोड!" हात सुटेनात. डावा पंख धाडकन खाली गेला आणि काचेत आभाळ उरलंच नाही, नुसतं पिवळं धान, वर वर येणारं. सरांनी माझा हात झटकला, नाक खाली दाबलं, पंख सरळ केले. सागाचे शेंडे चाकांखालून गेले. त्या दिवशी मी मेले असते, आणि माझ्यापायी सरसुद्धा.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, "वेग किती होता?"

"माहीत नाही, सर."

"मग बघत काय होतीस?"

"गोऱ्हा."

हवाई दलात उभं आयुष्य काढलेला माणूस, पण हे उत्तर त्यांनाही नवीन असावं.  म्हणाले, "एकटीचं उड्डाण रद्द. पुन्हा पहिल्यापासून." मी बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले.

संध्याकाळी बाबांचा फोन. "दिसला का?" मी सगळं सांगितलं. एरवी त्यांना 'ठेवा आता' म्हणावं लागतं. त्या दिवशी त्यांनीच ठेवला.

गोऱ्हा दुसऱ्या दिवशी आपणहून घरी आला. पाळीवरचं पांढरं म्हणजे खताचं रिकामं पोतं होतं.

मला एकटीला उडायला मिळालं तोवर कापणी संपत आली होती. आमच्या धानाच्या बांधीवरून गेले तर खाली चिटपाखरू नाही. मला रागच आला. पोरगी विमान घेऊन आली आणि हात हलवायला एक माणूस नसावं?

रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "होतो ना सगळे. तुह्या विमानाचा आवाज आला का तुहे बाबा कापणीच्या सगळ्या बायांले धानात खाली बसवतेत. म्हणतेत, कोणी उठू नोका, पोरगी खाली पाहीन."