नाव न घेण्याचा कडा

गिधाडकड्याच्या पायथ्याशी धुळाजी चप्पल काढतो, निवडुंगाच्या आडोशाला ठेवतो आणि सोबत आलेल्यांना एकच अट सांगतो. इथून वर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायचीच झाली तर शेरडांना मारतात तशी, जिभेनं नुसतं हिर्र करायचं. नाव कानावर पडलं की माणूस मागं वळतं, आणि या कड्यावर वळायला जागा नाही. मेंढक्यांचा हा जुना नेम आहे.

मांजरसुंब्याच्या पलीकडे, बालाघाटाच्या एका उघड्याबोडक्या सोंडेवर हा कडा आहे. अलीकडे रविवारी शहरातली माणसं तो चढायला येतात. धुळाजी त्यांना वाट दाखवतो, पण अर्ध्या कड्यापर्यंतच. तिथं हातभर रुंदीची एक कपार आहे. तिच्याखाली तो बसून राहतो, माणसं वर जाऊन येतात. चार वर्षं झाली, त्या कपारीवर त्याचा पाय पडलेला नाही.

त्या रविवारी अंबाजोगाईहून दोघंच आले. अंगद आणि तेजश्री. दोघंही शिकाऊ डॉक्टर, लग्नाला दोन महिने झालेले. ती त्याला सरळ नावानं हाक मारायची, तो तिला तेजू म्हणायचा. धुळाजी खाली मान घालून चालत होता. अट ऐकल्यावर अंगद हसला. म्हणाला, बरं झालं मामा, घरी हिचंच नाव घेऊन घेऊन तोंड दुखतंय. तिनं त्याला बोकड म्हटलं. कपारीपर्यंत दोघं एकमेकांना हिर्र हिर्र करत, दमत, हसत चढले.

कपारीखाली धुळाजी बसला. तेजश्री पुढं गेली. कपार ओलांडून तिनं वरचा दगड धरला, आणि तिथंच थांबली. एक पाय खाचेत, दुसरा हवेत. तिला वरही जाता येईना, खालीही. अंगदचा चेहरा पांढरा पडला. त्यानं तोंड उघडलं. हाकेतलं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आत धुळाजीचा खरखरीत तळहात त्याच्या तोंडावर बसला.

"न्हाई," तो म्हणाला. "मी जातो."

तो गेला. कपारीवर पाय ठेवताना त्यानं डोळे मिटले, हे अंगदनं पाहिलं. मग तो तिच्या खाली उभा राहिला, हवेतल्या टाचेखाली त्यानं आपला तळवा दिला. जिभेनं हिर्र केलं. तिनं त्या तळव्यावर भार टाकला. दुसरा पाय, मग हात, मग दगड. ती वर पोचली. धुळाजीला परत खाली येता आलं असतं. पण पाय वरच चढत गेले. मागोमाग अंगदही आला.

माथ्यावर वारा होता, पिवळं गवत होतं. खाली हायवेवरून ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते. धुळाजी पाठमोरा बसला. तेजश्रीनं पाण्याची बाटली पुढं केली आणि विचारलं, मामा, तुम्ही वर का येत नाही?

त्यानं सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं, शेरडं वळता वळता बोलावं तसं.

चार वर्षांमागं, मार्गशीर्षात, एक शेळी त्या कपारीवर व्याली. बायको वर चढली. पिल्लू ओटीत बांधून, तोंड खडकाकडं करून ती उतरत होती. तो खाली उभा. तिचा डावा पाय ज्या दगडावर येणार होता तो सुटलेला होता, हे त्याला दिसलं. हिर्र करावं तर शेळी वर कपारीत, बरोबर तिच्या डोक्याच्या रेषेत उभी. ती हाक ऐकून शेळीच दगडगोटे ढकलत सरळ खाली आली असती.

धुळाजीनं उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं. अगं म्हणायचा, पप्पूची माय म्हणायचा. बत्तीस वर्षं त्यावर भागलं. त्या क्षणी मात्र घशातून नावच आलं. फक्त नाव, पुढचा बाई हा शब्दसुद्धा नाही.

ती वळली.

"भ्याली न्हवती," धुळाजी म्हणाला. "नवल वाटलं व्हतं तिला. लगीन लागल्यावाणी तोंड झालतं. म्हणली, काय म्हणलाव?"

एवढंच. पुढचं त्यानं सांगितलं नाही.

पिल्लू जगलं. आता ती चांगली दुभती शेळी आहे. सरकारी दवाखान्यात कागद भरणाऱ्यानं मयताचं नाव विचारलं तेव्हा धुळाजी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पप्पूनं, त्याच्या मुलानं, नाव सांगितलं. रतनबाई. भावकीतले म्हणाले, धक्का बसलाय म्हाताऱ्याला. धुळाजी तेव्हा आपल्या तोंडात बोट घालून जीभ चाचपत होता, जणू तिथं काही उरलंय का बघावं.

माथ्यावर अंगदनं तेजश्रीचा हात धरला होता. त्याला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण ओठांशी आलेलं त्यानं गिळलं. मग तेजश्रीनंच हळू विचारलं, "मामींचं नाव काय होतं?"

धुळाजीनं गवताची काडी तोडली, दातात धरली, पुन्हा काढली.

"पप्पूला इचारा," तो म्हणाला. "म्या एकदाच घेतलं."

ऊन कड्याच्या पश्चिमेला कललं होतं. तो उठला, धोतराचा काचा घट्ट केला आणि सगळ्यात आधी आपण उतरायला लागला, तोंड खडकाकडं करून. डोकं माथ्याच्या पातळीला आलं तेव्हा थांबला. वर उभ्या असलेल्या तेजश्रीकडं त्यानं पाहिलं.

"बाई, उतरताना मागं बघू नका," तो म्हणाला. "खालून कुणी काईबी म्हणलं तरी."