रिकामं परत आलेलं ताट

नव्वदच्या दशकात आम्ही टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. तिथे पंचवीस डिसेंबरला सुट्टी नसे. नवरा नेहमीसारखा ऑफिसात, आणि दुकानांतला नाताळ म्हणजे स्ट्रॉबेरीचा केक. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, मला त्या केकचा भारी राग यायचा. त्यातून तिथल्या जपानी शाळेत पहिलीत जाणारी माझी लेक येशूजन्माची गोष्ट मराठीतून ऐकताना जांभया द्यायची.

एक रीत मात्र मी सोडली नाही. नाताळच्या आदल्या दिवशी करंज्यांचं ताट शेजारी पाठवायचं. शेजारी एक आजी एकट्याच राहत, लेक त्यांना ताट देऊन आली. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः ताट घेऊन आल्या, सोबत सुबक कागदात बांधलेली महागडी फळं. आपण ताटात चमचाभर साखर घालून परत करतो, त्यांची परतभेट ही अशी. चहाला थांबल्या. लेकीने त्यांना येशूजन्माची पुठ्ठ्याची गव्हाण दाखवली आणि मेंढपाळांपासून ज्ञानी पुरुषांपर्यंत अख्खी गोष्ट हातवारे करत जपानीत सांगितली. मला निम्मीच कळली, पण ऊर भरून आला. पुढच्या वर्षीही तेच झालं.

पण ती फळं काही माझ्या घशाखाली उतरेनात. पेन्शनवर जगणारी बाई, चार करंज्यांपायी तिला एवढा भुर्दंड? शिवाय मला उपदेशाची खोड. तिसऱ्या वर्षी मी लेकीला म्हटलं, "देवाने आपला पुत्र दिला, तेव्हा बदल्यात काही मागितलं का? नाताळ म्हणजे नुसतं देणं. आजींना सांग, यंदा काही आणू नका."

"मग त्या येणार कशाला, मम्मी?"

"येतील की. शेजारीच तर आहेत."

तिने निरोप पोचवला. नाताळच्या दिवशी दुपारपासून ती नवा फ्रॉक घालून गव्हाणीपाशी बसली, शेजारी आजींसाठी बसायची उशी मांडून. बेल वाजलीच नाही. संध्याकाळी दार उघडलं, तर दाराच्या बाहेरच्या मुठीला पिशवी अडकवलेली. आत आमचं ताट, लख्ख धुतलेलं आणि रिकामं.

आम्ही दोघी बोलवायला गेलो. आजी दारातच वाकून वाकून आभार मानत राहिल्या, आल्या नाहीत. रिकाम्या हातांनी आमच्या दारात उभं राहणं त्यांना जमणारं नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दिलेलं ताट रिकामं परत करू नये, हे माझ्याच आईने मला शिकवलं होतं, तरी मला हे आधी सुचलं नाही. याची हळहळ अजून जात नाही.

घरी आल्यावर मी लेकीला जवळ घेतलं. म्हटलं, "यंदा मला सांग गोष्ट."

"तुला येते की," ती जपानीतच म्हणाली, आणि उशी उचलून कपाटात ठेवून आली.